हार्ड डिस्कची नाडीपरीक्षा

ठाणे येथील जुन्या किल्ल्यात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नव्या बांधकामासाठी पाया खणीत असता जमिनीतून एक ताम्रपट निघाला. उत्तर कोकणचा शिलाहार राजा अरिकेसरी याने शके ९३९ मध्ये, म्हणजे इसवी सन १०१७ च्या सुमारास, केलेल्या भूमिदानाचा लेख त्यावर कोरलेला होता. साडेसातशेहून अधिक वर्षे लोटली होती. शिलाहारांचे राज्य केव्हाच लयास गेले होते, यादवांचेही गेले होते, पोर्तुगीज येऊन गेले होते. परंतु तांब्यावरची अक्षरे पंडितांना वाचता आली. लेख चंद्रसूर्य असेपर्यंत टिकावा अशी दात्याची इच्छा होती, म्हणून त्याने तो टिकाऊ पदार्थावर कोरविला होता.

आजचा मनुष्य ताम्रपट कोरवीत नाही. त्याची पत्रे, हिशेब, छायाचित्रे, गाणी, अभ्यासाच्या टिपणवह्या हे सर्व घरातील संगणकात साठविलेले असते, आणि संगणकात ते बहुधा हार्ड डिस्क नावाच्या एका धातूच्या पेटीत असते. ही पेटी आकाराने लहानशा पुस्तकाएवढी. तिच्यात एका मोठ्या ग्रंथालयाचा मजकूर सहज मावतो. तथापि ताम्रपट शतकानुशतके टिकतो, तर ही पेटी काही वर्षेच टिकते. कधी दहा वर्षे, कधी पाच, आणि कधी एखादेच. यास्तव ती आजारी पडू लागली आहे हे वेळीच ओळखता येणे, ही आजच्या काळातील एक आवश्यक विद्या होय.

ठाणे शहराच्या पूर्वेस, रेल्वेमार्ग आणि खाडी यांच्या दरम्यान कोपरी हा भाग आहे. येथे आगरी-कोळ्यांची जुनी वस्ती होतीच; फाळणीनंतर सिंधमधून आलेली अनेक कुटुंबेही येथे वसली. पुढे इमारती झाल्या आणि नोकरदार मराठी कुटुंबांनी त्या भरल्या. अशा वस्तीतील एखाद्या घरचा संगणक उघडून पाहिला तर काय दिसेल? आजीच्या लग्नातील एकुलते एक छायाचित्र, मूळ कागद पिवळा पडून तुटू लागला म्हणून संगणकात उतरवून ठेवलेले. दूर राहिलेल्या गावातील घराचे चित्र, जे घर आता पुन्हा पाहावयास मिळणार नाही. आजोबांनी म्हातारपणी टंकलिखित केलेल्या आठवणी. थोरल्या बहिणीचा महाविद्यालयातील प्रबंध. पेटीची किंमत काही हजार रुपये. ती बाजारात पुन्हा मिळते. तिच्यातील या वस्तू मात्र कोणत्याही बाजारात मिळत नाहीत. हार्ड डिस्कच्या आजाराचा विचार करावयाचा तो या कारणासाठी.

आजार समजण्यापूर्वी शरीराची रचना समजली पाहिजे. हार्ड डिस्कच्या पेटीत एक किंवा अधिक गुळगुळीत तबकड्या एकाच आसावर बसविलेल्या असतात. त्या ॲल्युमिनियमच्या अथवा काचेच्या असून त्यांवर चुंबकीय द्रव्याचा अत्यंत पातळ थर दिलेला असतो. एक लहानशी मोटर त्यांना फिरविते. घरगुती संगणकातील तबकड्या बहुधा मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात. म्हणजे सेकंदाला ९० अथवा १२०. साडेतीन इंची डिस्कची तबकडी ७,२०० च्या वेगाने फिरत असता तिच्या कडेवरील बिंदू ताशी सुमारे १२५ किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असतो. ठाणे स्थानकातून धडधडत जाणारी जलद लोकलही याहून मंदच म्हणावी लागेल.

या धावणाऱ्या पृष्ठभागावर एका बारीक हाताच्या टोकाशी ‘हेड’ असते. लिहिण्याचे व वाचण्याचे काम तेच करते. तबकडीच्या थरातील सूक्ष्म ठिकाणे ते एका दिशेने वा दुसऱ्या दिशेने चुंबकित करते आणि पुढे त्या दिशा ओळखून मजकूर वाचते. हेड तबकडीस स्पर्श करीत नाही. फिरणाऱ्या तबकडीबरोबर ओढल्या गेलेल्या हवेच्या पातळ थरावर ते तरंगत असते, आणि हे अंतर केवळ काही नॅनोमीटर असते. मनुष्याच्या केसाची जाडी त्याच्या हजारो पट भरेल. धुराचा एक कण या फटीत शिरला तर तो डोंगरासारखा आडवा येतो. म्हणूनच पेटी अतिशय स्वच्छ जागेत बंद केलेली असते. सामान्य डिस्कला एक बारीक छिद्र असते व त्यावर गाळणी बसविलेली असते. कारण हेड तरंगण्यासाठी आत हवा हवीच. ही हवा फार विरळ झाली तर हेड नीट तरंगत नाही, म्हणून समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० मीटरपर्यंतच या डिस्क वापराव्या असे उत्पादक सांगतात. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई हे १,६४६ मीटर उंच आहे. त्यामुळे मराठी मुलुखात ही अडचण कोठेच येणार नाही.

या यंत्राचा जन्म १९५६ सालचा. त्या वर्षी अमेरिकेतील आयबीएम या कंपनीने रॅमॅक नावाचा संगणक बाजारात आणला. त्याच्या डिस्क-यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, आणि ते दोन मोठ्या कपाटांएवढे असून वजनाने सुमारे एक टन होते. इतक्या अवाढव्य यंत्रात ५० लक्ष अक्षरे मावत. मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशी शास्त्रज्ञांनी बनविलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. त्याची स्मृती मात्र तबकडीवर नसून चुंबकीय कड्यांच्या जाळ्यात होती. आज एक टेराबाइट क्षमतेची पेटी तळहातावर मावते आणि रॅमॅकच्या दोन लक्ष पट मजकूर साठविते. प्रगती मोठी खरी. परंतु एकाच पेटीत इतके साठले, की ती पेटी गेली असता जाणारेही तितकेच अधिक असते, हा त्या प्रगतीचा दुसरा भाग होय.

तबकडीवरील मजकूर सलग लिहिलेला नसतो. वहीच्या पानावर चौकटी आखाव्या तशा तिच्यावर लहान लहान चौकटी असतात. त्यांना सेक्टर म्हणतात. जुन्या डिस्कमध्ये एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट मावत, नव्यांत ४,०९६ मावतात. एक टेराबाइटच्या नव्या डिस्कमध्ये असे सुमारे २४ कोटी सेक्टर असतात. इतक्या चौकटींपैकी काही कधीतरी बिघडणारच, हे बनविणारे जाणून असतात. म्हणून प्रत्येक चौकटीत मजकुराबरोबर त्याची पडताळणी करणारे जादा अंकही लिहिलेले असतात. किरकोळ चूक झाली तर डिस्क ती स्वतःच दुरुस्त करते व कोणास कळतही नाही. शिवाय डिस्कपाशी काही राखीव चौकट्या असतात. एखादी चौकट निकामी ठरली की डिस्क तिच्या जागी राखीवपैकी एक नेमते आणि पुढे त्या पत्त्यावर येणारा मजकूर या नव्या चौकटीत ठेवते. एका खेळाडूला दुखापत झाली असता राखीव खेळाडू मैदानात यावा, तसाच हा प्रकार. जोवर असे एखाददुसरे वेळी घडते तोवर चिंता नसते. परंतु रोज नवे खेळाडू जायबंदी होऊ लागले, तर मैदानातच काहीतरी बिघडले आहे हे उघड होय.

जुने वैद्य रोग्याची परीक्षा दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या तीन मार्गांनी करीत. रोग्याकडे नीट पाहावयाचे, त्याला हात लावून पाहावयाचे आणि त्याला विचारावयाचे. डिस्कच्या बाबतीतही हाच क्रम उपयोगी पडतो. मात्र येथे एक नियम या तिहींच्या आधी येतो. डिस्क आजारी असल्याचा संशय येताच, परीक्षा करण्यापूर्वी, तिच्यातील सर्वांत मौल्यवान मजकुराची प्रत दुसऱ्या ठिकाणी करून घ्यावी. डिस्कची कसून तपासणी करावयाची म्हणजे तिचा प्रत्येक सेक्टर वाचावयाचा, आणि थकलेल्या डिस्कला हे श्रम सोसतीलच असे नाही. दुबळ्या रोग्याला आधी डोंगर चढावयास लावून मग त्याची नाडी पाहावी, असा तो प्रकार होईल. आधी प्रत, मग परीक्षा.

आता दर्शन. डिस्क बिघडू लागली म्हणजे संगणकाच्या वागण्यात फरक दिसतो. पूर्वी चटकन उघडणारे छायाचित्र उघडावयास बराच वेळ लागतो. काम चालू असता संगणक मध्येच हँग होतो, माउसचा बाण जागच्या जागी थिजतो, आणि थोड्या वेळाने जणू काही झालेच नाही असा पुन्हा चालू लागतो. याचे कारण असे, की एखादा सेक्टर वाचता येईना म्हणून डिस्क तोच पुनःपुन्हा वाचून पाहत असते आणि तोवर इतर सारे ताटकळत राहते. एखादी फाइल उघडतच नाही, किंवा अर्धे छायाचित्र दिसते व अर्धे राखाडी असते. नावे चमत्कारिक होतात. संगणक सुरू करताना कधी डिस्क सापडते, कधी सापडत नाही.

परंतु यांपैकी बहुतेक लक्षणे इतर कारणांनीही उद्भवतात, हे ध्यानात ठेवावे. डिस्क काठोकाठ भरली असेल, व्हायरस शिरला असेल, रॅम अपुरी वा सदोष असेल, किंवा धुळीने पंखा अडकून संगणक तापत असेल, तरीही तो मंदावतो. ताप आला म्हणजे हिवतापच असे म्हणता येत नाही. म्हणून एका लक्षणावरून निर्णय देऊ नये. लक्षणांचा मेळ पाहावा. सर्वच कामे सारख्या प्रमाणात मंदावली असतील तर कारण बहुधा अन्यत्र असते. ठराविक फायलींपाशीच संगणक अडतो, आणि दर वेळी त्याच फायलींपाशी अडतो, असे दिसले तर संशय डिस्ककडे वळतो.

यानंतर श्रवण आणि स्पर्शन. निरोगी डिस्कचा आवाज मंद घरघर आणि मधूनमधून हलकी कुरकुर असा असतो. तिच्या मालकाला तो परिचित असावा, म्हणजे बदल चटकन कळतो. ठराविक अंतराने ‘टक्, टक्, टक्’ असा आवाज येऊ लागला तर तो गंभीर मानावा. तबकडीवरील दिशादर्शक खुणा हेडला सापडत नाहीत, म्हणून ते परत मूळ जागी जाते व पुन्हा प्रयत्न करते. त्या धडपडीचा तो आवाज असतो. घासल्यासारखा खरखर आवाज त्याहून वाईट. तेथे हेड तबकडीस लागून चुंबकीय थर खरवडला जात असण्याचा संभव असतो. असा आवाज ऐकताच संगणक बंद करावा. चालू ठेवलेल्या प्रत्येक मिनिटाला मजकूर अधिकाधिक नष्ट होत असतो. मात्र टकटकीचे कारण कधी कधी डिस्कमध्ये नसते. संगणकाला वीज पुरविणारी एसएमपीएस पेटी अशक्त झाली तरी तबकडी पुरेशा वेगाने फिरत नाही आणि तसाच आवाज येतो. पेटी हाताला फार गरम लागते का, हेही पाहावे. बहुतेक घरगुती डिस्कच्या माहितीपत्रकात सुमारे ६० अंश सेल्सिअस ही कमाल मर्यादा दिलेली असते. तिच्या जवळ जाणे बरे नव्हे.

तिसरा मार्ग प्रश्नाचा, आणि येथे डिस्क खरोखरच उत्तर देते. १९९० च्या दशकापासून बनलेल्या डिस्कमध्ये स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवण्याची सोय असते. तिला ‘स्मार्ट’ असे म्हणतात. डिस्क किती तास चालली, किती वेळा सुरू झाली, तिचे तापमान किती, किती सेक्टर बदलावे लागले, याची नोंद ती स्वतःच्या खातेवहीत करीत असते. ही खातेवही वाचून दाखविणारे कार्यक्रम विनामूल्य मिळतात. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो आणि लिनक्सवर स्मार्टमॉनटूल्स हे त्यांपैकी प्रसिद्ध होत. डिस्क बनविणाऱ्या कंपन्याही आपापले तपासणी-कार्यक्रम देतात.

खातेवहीतील अनेक ओळींपैकी चार-पाच ओळी विशेष पाहण्याजोग्या असतात. पाचव्या क्रमांकाची ओळ किती सेक्टरांच्या जागी राखीव सेक्टर नेमले ते सांगते. १९७ व्या क्रमांकाची ओळ वाचता न आलेले, निर्णयाची वाट पाहत असलेले सेक्टर मोजते. १९८ वी ओळ तपासणीत दुरुस्त न होऊ शकलेले सेक्टर दाखविते. या तिन्ही ओळींत शून्य असणे उत्तम. १९९ व्या ओळीचा अर्थ मात्र निराळा आहे. डिस्क आणि संगणक यांच्यामध्ये मजकूर ने-आण करताना झालेल्या चुका तीत मोजलेल्या असतात. आणि त्यांचे कारण बहुधा सैल वा खराब केबल हे असते.

समजा, कोपरीतील दोन शेजाऱ्यांचे संगणक एकाच आठवड्यात अडखळू लागले. पहिल्याच्या खातेवहीत ५, १९७ आणि १९८ या ओळींत शून्य आहे, पण १९९ व्या ओळीतील आकडा कालपेक्षा आज वाढला आहे. त्याने संगणक बंद करून, वीज तोडून, नवी केबल नीट बसवावी व दोन दिवस पाहावे. जुना आकडा पुसला जात नाही. परंतु तो वाढावयाचा थांबला तर दोष केबलचा होता आणि डिस्क निरोगी आहे, असे समजावे. दुसऱ्याच्या खातेवहीत १९७ व्या ओळीत सोमवारी ८, बुधवारी २४ आणि शनिवारी १०० च्या वर आकडा आहे. त्याला केबल बदलून लाभ नाही. तबकडीचा पृष्ठभागच ढासळू लागला आहे. बाहेरून पाहता दोघांचे दुखणे सारखेच होते. उपाय अगदी निराळे निघाले. पहिल्याने घाबरून चांगली डिस्क फेकली असती तर पैसे वाया गेले असते. दुसऱ्याने केबल बदलून स्वस्थ बसावयाचे ठरविले असते तर मजकूर गेला असता. निदान करावयाचे ते एवढ्यासाठी.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. एका दिवसाचा आकडा जितके सांगतो, त्याहून अधिक त्याची वाढ सांगते. वर्षभर २ वर स्थिर असलेला आकडा फारसा भयंकर नव्हे. आठवड्यात २ चे ४० झाले तर तो इशारा होय. यास्तव दर महिन्याच्या पहिल्या रविवारी या ओळी वाचून एका वहीत तारखेसह लिहून ठेवाव्या. तसेच कार्यक्रमाने वर ‘प्रकृती उत्तम’ असे लिहिले म्हणून निर्धास्त होऊ नये. तो शेरा उत्पादकाने ठरविलेल्या मर्यादेवर अवलंबून असतो, आणि ती मर्यादा ओलांडण्यापूर्वीच पुष्कळ मजकूर गेलेला असू शकतो.

डिस्क स्वतःविषयी सर्व काही सांगते असेही नाही. गूगल या कंपनीतील तीन संशोधकांनी १ लक्षाहून अधिक डिस्कचा अभ्यास करून त्याचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध केले. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक आढळल्यानंतर पुढील ६० दिवसांत डिस्क निकामी होण्याची शक्यता, चूक न आढळलेल्या डिस्कच्या तुलनेने ३९ पट असते, असे त्यांना दिसले. म्हणजे इशारा मिळाला तर तो खराच मानावा. पण त्याच अभ्यासात दुसरी गोष्टही निघाली. निकामी झालेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कच्या चार प्रमुख ओळींत एकही नोंद नव्हती. त्या कसलीही पूर्वसूचना न देता गेल्या. नाडी पाहणारा वैद्य कितीही निष्णात असला तरी प्रत्येक मरण त्याला आधी कळत नाही. म्हणून निदानविद्या शिकावी, परंतु केवळ तिच्याच भरवशावर राहू नये.

डिस्क खरोखर आजारी ठरली तर पुढे काय करावे? प्रथम लिहिणे थांबवावे. नवे खेळ, नवी गाणी तिच्यात भरू नयेत. दुसरी डिस्क किंवा पेनड्राइव्ह जोडून, जे पुन्हा मिळणार नाही ते आधी उतरवून घ्यावे. आजीचे छायाचित्र आधी, चित्रपट नंतर. एखाद्या फाइलपाशी संगणक अडला तर तिच्याशी झगडत न बसता पुढील फाइल घ्यावी आणि अडलेल्या फायलींकडे अखेरीस वळावे. जाणकार लोक ज्या साधनांनी आजारी डिस्कची संपूर्ण नक्कल काढतात तीही याच रीतीने चालतात. डीडीरेस्क्यू हा कार्यक्रम प्रथम सुस्थितीतील भाग भराभर उतरवून घेतो, अवघड जागा नोंदवून ठेवतो, आणि मग सावकाश त्यांच्याकडे परत येतो. बुडत्या होडीतून आधी हाती लागतील तितकी माणसे काढावी, तसे हे आहे.

काय करू नये, तेही तितकेच महत्त्वाचे. डिस्क फॉरमॅट करू नये. विंडोजमधील चेकडिस्क हा कार्यक्रम दुरुस्तीच्या आज्ञेसह आजारी डिस्कवर चालवू नये; तो फायलींची व्यवस्था लावण्यासाठी डिस्कवर बरेच लिहितो, आणि दुर्बळ डिस्कवर त्याने वाचण्याजोगा मजकूरही कधी हातचा जातो. डिस्क फ्रिजमध्ये ठेवल्यास पुन्हा चालू लागते, असे काही लोक सांगतात. खाडीकाठच्या दमट हवेत थंडगार पेटी बाहेर काढली की गार पाण्याच्या तांब्यावर जमतात तसे पाण्याचे कण तिच्यावर जमतात, आणि छिद्रातून गेलेली आर्द्र हवा आतही तोच प्रताप करते. पेटी घरी उघडून पाहण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. घरातील हवेत तरंगणारा धुळीचा प्रत्येक कण हेडच्या वाटेतील धोंडा होय. टकटक वा खरखर करणारी डिस्क बंद करून, मऊ वेष्टणात ठेवून, मजकूर परत मिळविण्याचे काम ज्यांच्या धूळरहित खोल्यांत होते अशा तज्ज्ञांकडे द्यावी. हे काम खर्चाचे असते व यशाची खात्री नसते. म्हणून आत काय आहे याचा विचार करूनच तो निर्णय घ्यावा.

अलीकडे पुष्कळ संगणकांत तबकडीऐवजी एसएसडी असते. तिच्यात फिरणारा एकही भाग नाही. सारे काम चिपवर चालते. ती वेगवान असते व धक्क्याला दाद देत नाही. परंतु तिच्यावर लिहिण्याला मर्यादा आहे, आणि ती जाते तेव्हा बहुधा आवाज न करता एकाएकी जाते. तिलाही स्मार्टची खातेवही असते व आयुष्य किती उरले याचा अंदाज तीत मिळतो. मात्र श्रवणाची परीक्षा तेथे लागू पडत नाही. म्हणून एसएसडी घेतली की प्रतीची गरज संपली, असे कोणी मानू नये.

अखेर खरे औषध एकच, ते म्हणजे प्रती. संत एकनाथांच्या काळी ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखित प्रतींत नकलाकारांच्या हातून अनेक चुका शिरल्या होत्या. त्यांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, पाठ शुद्ध करून ग्रंथ सिद्ध केला. ग्रंथ मठामठांतून, घराघरांतून उतरविला गेला होता, म्हणूनच तो तीनशे वर्षे तगला व शुद्ध करता आला. या घटनेत संगणकाच्या मालकालाही बोध आहे. प्रती अनेक असाव्या. आणि प्रत करताना चूकही प्रतीत उतरते, हे विसरू नये. आजारी डिस्कवरील बिघडलेली फाइल जुन्या चांगल्या प्रतीवर लिहिली गेली तर दोन्ही गेल्या. म्हणून नवी प्रत करताना आधीची निदान काही महिने तरी जपून ठेवावी, आणि केलेली प्रत उघडून पाहावी. न उघडलेली प्रत ही प्रत आहे की नाही, हे कोणासच ठाऊक नसते.

प्रती कोठे ठेवाव्या, याचे उत्तर कोकणच्या पावसाने दिले आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि ठाणे-कल्याण परिसरही जलमय झाला. अशा वेळी संगणक आणि त्याची प्रत एकाच घरात, एकाच मेजावर असली तर दोन्ही एकाच पाण्यात बुडतात. म्हणून जाणत्यांनी एक सोपा हिशेब ठरविला आहे. मजकुराच्या तीन प्रती, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक घराबाहेर. कोपरीतील कुटुंबाने एक प्रत संगणकात, एक बाहेरच्या डिस्कवर कपाटात, आणि एक पुण्याच्या वा नाशिकच्या आत्याकडे अथवा इंटरनेटवरील साठवणीत ठेवली, की हा हिशेब पुरा झाला.

राहिली निगा. डिस्क चालू असता संगणक उचलू वा आपटू नये; हेड व तबकडी यांतील अंतर आठवले म्हणजे कारण सांगावे लागत नाही. वीज एकाएकी जाते तेथे यूपीएस बसवावा. पंख्यातील धूळ वरचेवर काढावी. ही सर्व कामे अकरा-बारा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला वडील माणसांच्या देखरेखीखाली करता येण्याजोगी आहेत. घरातील एखाद्या मुलाने पन्नास पानी वही घेऊन तीत दरमहा पाच ओळींचे आकडे लिहावे, आणि शेजारी अखेरची प्रत कोणत्या तारखेला केली ते लिहावे. ज्या दिवशी आकडा वाढलेला दिसेल त्या दिवशी घरातील मोठ्या माणसांना ती वही दाखवावी. आजीच्या छायाचित्राचे रक्षण त्या घरात त्या वहीने होईल.